आज तुम्ही काय जेवलात?

माझा भाचा न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ राहतो. गेल्या जानेवारीत तो माझ्याकडे पेणला आला तो एक सिद्धान्त घेऊनच.

"मामा, उपनगरात चांगलं हॉटेल शोधायचं शास्त्र असतं," तो पहिल्या चहालाच म्हणाला. त्यांच्याकडच्या ओक ट्री रोडवर म्हणे आपली आणि पाकिस्तानी हॉटेलं शेजारीशेजारी आहेत. त्यातलं मंद दिवे आणि सतारवालं हॉटेल टाळायचं. टेबलावर मेणकापड, भिंतीवर कॅलेंडर, टीव्हीवर क्रिकेट आणि दारात टॅक्सी उभ्या असतील तिथं शिरायचं. टॅक्सीवाल्याला पैसे वाया घालवणं परवडत नाही, म्हणून तो जेवतो ते चांगलंच.

"पण पेण उपनगर कधी झालं?" मी विचारलं.

खरं तर ते मलाच ठाऊक असायला हवं होतं. सरकारदरबारी पेण शहर मुंबई महानगर प्रदेशात मोडतं. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि आमच्या आसपासच्या भातखाचरांतही 'तिसरी मुंबई'चे फलक उगवले. मुंबई इथून किती मिनिटांवर आहे हे त्यांवर छापलेलं असतं. ती मिनिटं बहुधा पहाटे तीनला, डोळे मिटून मोजलेली असावीत. आमच्या गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हा जन्मलेली पोरं आता मिशी फुटायची वाट बघतायत. हायवेही कशाची तरी वाट बघतोयच.

तर आम्ही शास्त्र घेऊन निघालो. टॅक्सीच्या जागी एसटी धरायची, असं भाच्याने ठरवलं. वडखळच्या दिशेला एका धाब्यापुढे तीन लाल गाड्या उभ्या दिसताच तो ओरडला, "मामा, इथंच!"

मी त्याचा दंड धरला. "बाळा, एसटी जिथं थांबते तिथं ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण फुकट असतं. आणि प्रवाशाला दुसरीकडे जायला वाट नसते. फुकट जेवणारा आणि अडकलेला, या दोघांच्या भरवशावर हॉटेल निवडू नये."

सिद्धान्ताचं एक चाक तिथंच पंक्चर झालं.

पुढच्या हॉटेलात मेन्यूकार्ड आलं. कार्ड कसलं, भूगोलाचं पुस्तकच ते. पनीर कोल्हापुरी, व्हेज हैदराबादी, चिकन लाहोरी, मुर्ग पेशावरी, अफगाणी, अमृतसरी, शेवटी शेजवान. वाघा बॉर्डर या कार्डावर कुठंच लागत नव्हती. भाच्याने खुशीत चार प्रांत मागवले. चव बघून माझ्या लक्षात आलं, की प्रांत चार असले तरी आत डबे तीनच असणार: लाल, पांढरा आणि हिरवा. लाल म्हणजे कोल्हापूर, पालक घातला की हैदराबाद, काजूचं वाटण पडलं की मोगलाई. लाहोर म्हणजे तोच लाल डबा, वरून उभं चिरलेलं आलं. कोल्हापूरच्या माणसाने हे कोल्हापुरी खाल्लं, तर तो तांबडा-पांढरा रस्सा आठवून तिथंच हमसून रडेल.

"पेणचं काही स्पेशल आहे?" भाच्याने वेटरला विचारलं. वेटर ओडिशाचा होता. त्याने खिशातलं बॉलपेन काढून अदबीने पुढे केलं.

तसं बघितलं तर हॉटेलातलं जेवण नेहमी दुसऱ्याच गावाचं नाव लावून येतं. पेशावरचे कुंदनलाल गुजराल फाळणीनंतर दिल्लीला आले, दर्यागंजात त्यांनी मोतीमहाल काढलं आणि तिथलं बटर चिकन देशभर 'पंजाबी' म्हणून गेलं. मुंबईच्या क्रिकेट क्लबात १९७५ साली नेल्सन वांग यांनी आलं-लसूण-मिरचीवर सोया सॉस ओतला. त्या चिकन मंचूरियनचा मांचुरियाशी काडीचा संबंध नाही. विलायतेतली कितीतरी 'इंडियन' हॉटेलं सिल्हेटचे बांगलादेशी चालवतात आणि कराचीची मसाल्याची कंपनी पाकिटावर 'बॉम्बे बिर्याणी' छापते. जेवणाला लांबचं नाव लागलं की भूक वाढते. जवळचं नाव लागलं की माणूस म्हणतो, हे तर आमच्या घरीच होतं.

आमच्या गावाची गंमत अशी, की इथं घडवलेला गणपती बोटीत बसून अमेरिकेला जातो, पण इथलं कालवण वेशीबाहेरच्या हॉटेलातसुद्धा पोचत नाही. एक 'घरगुती' अशी पाटी दिसली म्हणून आम्ही धावलो. जवळ गेल्यावर पुढचा शब्द वाचला: 'मालवणी'. म्हणजे घर आहे, पण अख्खी रत्नागिरी ओलांडून पलीकडे. आणखी एका ठिकाणी जिताडा आहे का विचारलं. मालक माझ्याकडे बघत राहिला. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात जिताडा ही काही मासळी नव्हे, मानपान आहे. खाडीतली पिल्लं आणून घरामागच्या तळ्यात सोडायची, दोन-तीन वर्षं वाढवायची आणि जावई नाहीतर साहेब आला की काढायची. जिताडा घरी पोचला की साहेबाकडचा कागद हलतो, असं आमच्याकडे पूर्वापार म्हणतात.

"तुमचा कुठला कागद अडकलाय?" मालकाने सहानुभूतीने विचारलं.

शेवटी मी खारेपाटातल्या माझ्या जुन्या आगरी मित्राला फोन लावला. "अमेरिकेचा पावणा? रात्री जेवाला या," तो म्हणाला. भाच्याचे डोळे चमकले. वाटेवर दोन्हीकडे शेतं, पलीकडे खाडीचा वास, कुठंतरी पोपटीचं मडकं लावलेलं, भांबुर्ड्याच्या पाल्याचा धूर. भाचा खिडकीतून नाक बाहेर काढून बसला होता.

पाट मांडले, तांब्या-भांडं आलं आणि वहिनींनी ताटं आणून ठेवली. ताटात पनीर बटर मसाला होता. शेजारी बटर नान आणि चांदीच्या कागदात बांधलेला जीरा राईस. मित्राने मुलाला बाइकवरून खास पेणला पिटाळून, मघाच्याच हॉटेलातून ते आणवलं होतं.

"पावणा एवढ्या लांबून आला, म्हटलं चांगलं काहीतरी करावं," मित्र अभिमानाने म्हणाला.

भाचा नान तोडत होता, पण त्याचं नाक स्वयंपाकघराकडे वळलं होतं. तिथून आंबोशी घातलेल्या कालवणाचा वास येत होता. "ते काय शिजतंय?" त्याने विचारलंच.

वहिनी एकदम संकोचल्या. "ते काय नाय, आमच्या घरातलं. निवट्या हायत."

निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी, बोटाएवढी, दिसायला यथातथाच मासळी. पाव्हण्यापुढे निवट्या ठेवणं म्हणजे गावात नाक कापून घेणं. पण भाचा ताट उचलून थेट चुलीपाशी जाऊन बसला. वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तव्यावरची तांदळाची भाकरी त्याला वाढली. दुसरी फुगेपर्यंत पहिली संपली. पाचव्या भाकरीला वहिनी हसायला लागल्या. पनीर शेवटी मित्राच्या मुलांनी संपवलं. त्यांची तर दिवाळीच झाली.

परतीच्या वाटेवर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, आपण प्रश्नच चुकीचा विचारत होतो. तुमच्याकडे काय स्पेशल, असं विचारायचंच नाही."

महिन्याभराने एडिसनहून त्याचा फोन आला. तिथल्या एका लाहोरी हॉटेलात त्याने कार्ड मिटून मालकाला विचारलं होतं, "चाचा, आज तुम्ही स्वतः काय जेवलात?" चाचा आधी गांगरला. मग आत जाऊन बायकोने दिलेल्या डब्यातलं शलगम-गोश्त वाटीभर घेऊन आला. "ये कार्ड पर नहीं है बेटा," म्हणाला, आणि पैसे घेईना.

मला हुरूप आला. दुसऱ्याच दिवशी हायवेवरच्या त्या तीन डब्यांच्या हॉटेलात गेलो आणि गल्ल्यावरच्या मालकाला तोच प्रश्न टाकला.

"मी?" त्याने इकडेतिकडे बघितलं. "मी इथलं खात नाय काका. अॅसिडिटी होते. माझा घरनं डबा येतो."

"डब्यात काय?"

तो गल्ल्यावरून वाकून माझ्या कानाशी आला. "जवळा नि भाकरी."

मी आशेने तिथंच उभा राहिलो. पण पेण काही एडिसन नव्हे. मालकाने डबा पायाने टेबलाखाली आणखी आत सरकवला आणि आवाज चढवून ओरडला, "ए, काकांना एक पनीर लाहोरी!"