जागतिक बाजारात उतरावे कसे?
(खामगाव-जलंब भागातील होतकरूंसाठी)

शेतात ज्वारी किती नि कापूस किती, हे पूर्वी घरातली खाणारी तोंडे मोजून ठरायचे. ते आता अमेरिकेला विचारून ठरवावे. 1861 साली तिकडे यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला एकाएकी सोन्याचे मोल आले. 1865 मध्ये लढाई थांबली, भाव कोसळला. आपण न लढलेल्या लढाईत आपटी खाणे, हा पहिला धडा.

मग रेल्वे. ती मागावी लागत नाही. जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा, पण 1870 साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तुमची ख्यालीखुशाली विचारायला नव्हे, राजेहो. कापसाच्या गाठी मुंबई बंदरात लवकर पोचाव्यात म्हणून.

पहिल्या वेचणीला शेतात सीतादहीची पूजा करा, त्याला बाजाराची हरकत नसते. कापूस घरी आला की भाव वाढेल या आशेवर साठवा. आधी ओसरी भरते, मग माजघर, शेवटी माणसे अंगणात येतात. अंगाला खाज सुटेल, पोरांच्या केसांत तंतू अडकतील, दिवा जपून न्यावा लागेल. यालाच बाजाराचा अभ्यास म्हणतात.

मार्केटात व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात खुपसतो, खालचा कापूस उपसतो, बोटांत धागा ताणतो आणि म्हणतो, "ओल आहे. कवडीही दिसते." वाद घालू नका; मागे गाड्यांची रांग आहे आणि ती त्याला तुमच्याआधी दिसलेली असते.

जिनिंगमध्ये क्विंटलभर कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचे तेल निघते आणि उरलेली ढेप तुमच्याच बैलांसाठी तुम्हालाच विकत मिळते. पावती मागून घ्या.

साल चांगले गेले तर चांदी घ्या. खामगावची चांदीची बाजारपेठ नावाजलेली आहे, आणि वाईट सालात गहाण टाकायला घरात काहीतरी हवेच.

एक अट मात्र आधीच सांगायला हवी होती. 1899-1900 च्या दुष्काळात या कापसाच्या मुलखातही माणसे भुकेने मेली. तेव्हा कणगीत पुढच्या सुगीपर्यंत पुरेल एवढी ज्वारी असल्याशिवाय या धंद्यात पडू नका.