दोनशे पाच हाडं हजर

कोल्हापुरात माणसाचा हात मोडला की तो त्याच्या एकट्याचा राहत नाही, गल्लीच्या सामायिक मालकीचा होतो. कुणीही यावं, तो उचलून वजन बघावं, प्लास्टरवर टिचकी मारावी आणि आतून कसा आवाज येतो ते कान देऊन ऐकावं. मूळ मालकाचं मत कुणी विचारत नाही. आमच्या कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला तर मला रोज थांबवून 'आज बोटं सुजल्यात जरा' अशी नोंद घ्यायचा आणि मगच पुढं सोडायचा.

माझा मोडला तो उजवा हात, मनगटापाशी. कसा मोडला हे सांगायची मला हौस नव्हती, पण न सांगता सुटका नसते. पावसाळ्यात दारात कुणी घसरू नये म्हणून आम्ही गोणपाट टाकतो. मी त्या गोणपाटावरून घसरलो. एवढंच. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मोटारसायकल, म्हैस, गेलाबाजार भाऊबंदकी, यांतलं काहीतरी असावं अशी त्याची माफक अपेक्षा असते. 'म्हशीनं ढकललं काय ओ?' असं एकानं मोठ्या आशेनं विचारलं तेव्हा नाही म्हणताना मला खरोखर वाईट वाटलं.

पडताना माणूस आपोआप हात टेकतो, सगळा भार तळव्यावर येतो आणि मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं. जगभर माणसं अशीच पडतात आणि तिथंच मोडून घेतात. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस नावाच्या शल्यचिकित्सकानं 1814 सालीच या मोडण्याचं वर्णन करून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध लागला 1895 साली, म्हणजे या गृहस्थांनी सगळं बाहेरून चाचपून ओळखलं. मोडलेलं मनगट बाजूनं काटा-चमच्यातल्या काट्यासारखं दिसतं असं इंग्रजी पुस्तकं सांगतात. माझ्या आईला ते आमटीच्या पळीसारखं दिसलं. आमच्या गल्लीतली मंडळीही एक्स-रे न बघता, नुसतं चाचपूनच निदान करतात. फरक एवढाच की कॉलिसचं बरोबर निघालं.

डॉक्टरांनी हाड ओढून जागेवर बसवलं आणि ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. त्या गार लागतील म्हणून मी अंग चोरून बसलो होतो, तर त्या घट्ट होता होता चांगल्या गरम झाल्या. मग हात धुता धुता डॉक्टर म्हणाले, "सर, अंगात हाडं दोनशे सहा. मोडलंय एक. ते सहा आठवडे रजेवर. बाकीची दोनशे पाच कामावर हजर पाहिजेत. चाला, जिने चढा. बोटांची मूठ करा, उघडा. तासातासाला हात डोक्यावर न्या, नाहीतर मनगट बरं होईल आणि खांदा आखडेल. त्या मनगटाला तेवढा आराम द्या."

या भाषणातला 'आराम' हा एकच शब्द आमच्या घरच्यांना ऐकू आला.

घरी पोचेपर्यंत पलंगावर गादी वाढली होती. उशा तीन. एक डोक्याला, एक हाताला, आणि एक कशाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी पाणी प्यायला उठलो की आई म्हणे, "पडून ऱ्हा गुमान. हाड मोडलंय, नख न्हाई." मी खिडकीपाशी उभा राहिलो की बायको खुर्ची आणायची, खुर्चीत बसलो की पायाखाली स्टूल. इचलकरंजीची बहीण फोनवरून, मी नेमका कोणत्या कुशीवर झोपलोय, याची चौकशी करायची. हात मोडलेल्या माणसाचे पायही जायबंदी झालेत असं समजून सगळे वागत होते.

शास्त्राचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. हाडावर जसा भार पडेल तसं हाड स्वतःला घडवतं, हा नियम युलियस वोल्फ या जर्मन डॉक्टरानं 1892 साली पुस्तकच लिहून मांडला. भार काढून घेतला की हाड झिजायला लागतं. अंतराळवीरांची वजन पेलणारी हाडं महिन्याला एक ते दीड टक्का या हिशेबानं विरळ होतात. तसं नेमकं कसं होतं हे बघायला शास्त्रज्ञ धडधाकट स्वयंसेवकांना आठवडेच्या आठवडे पलंगावर झोपवून ठेवतात, डोक्याकडची बाजू सहा अंश खाली करून. त्यांना त्याचा मोबदला मिळतो. मला आईनं फुकट अंतराळात पाठवलं होतं, वर डोक्याखाली उशी देऊन प्रयोगही बिघडवला होता.

खाण्याच्या बाबतीत मात्र मी विरोध केला नाही. तेवढा मी करारी नाही. हाडाला हाड, या न्यायानं पायाचं सूप आलं, पांढरा रस्सा आला, डिंकाचे लाडू आले. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पिऊन ये म्हणून शेजारचे काका स्वतः गंगावेशीत घेऊन जायला तयार होते. आता खरं सांगायचं तर हाडं कितीही उकळली तरी त्यांतलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. पण पांढऱ्या रश्श्यात तीळ असतात, खसखस असते, आणि या दोन्हींत कॅल्शियम भरपूर. म्हणजे कोल्हापूरकर चुकीच्या कारणासाठी बरोबर पदार्थ खातो. नाचणीतही शंभर ग्रॅममागं साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण नाचणीची आंबील सुचवली तेव्हा आई म्हणाली, "ती काय आजारी माणसाला द्यायची?" आजारी माणसाला काय द्यायचं, तर तांबडा. परिणामी हाड जुळायच्या आत पोट जुळून आलं. पायजम्याची नाडी एका हातानं बांधता येत नाही, हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. ती आता दोन्ही हातांनीही पुरली नसती.

म्हणून मी फिरायला जायचं ठरवलं. रंकाळ्याला फेरी मारावी, घाम काढावा, एवढा साधा बेत. पण प्लास्टर घेऊन रंकाळ्यावर भरभर चालणं अशक्य आहे. दर पन्नास पावलांवर एक ओळखीचा. तो थांबवणार, 'कसं काय झालं ओ?' विचारणार, मी गोणपाट सांगणार, त्याचा चेहरा पडणार, मग त्याच्या मेव्हण्याचा हात कसा मोडला होता आणि कसा वाकडा जुळला हे तो सांगणार. या सगळ्यात काळजाचे ठोके वाढायचे, पण व्यायामानं नव्हे. शेवटी मी चालायची दिशा बदलून पाहिली. तर काल मागून गाठणारे आज समोरून आले.

मला वाचवलं तालमीच्या वस्तादांनी. हे वस्ताद स्वतः हाडं बसवण्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. त्यांच्याकडं न जाता मी थेट दवाखान्यात गेलो म्हणून ते नाराज असतील, अशी मला धास्ती होती. (दवाखान्यात गेलो ते बरंच केलं. बांबूच्या कामट्यांची पट्टी जास्त आवळली गेली तर रक्तपुरवठा तुटून हात गमवायची वेळ येते, तिथं भीड उपयोगाची नाही.) पण वस्तादांनी प्लास्टर उलटसुलट करून पाहिलं, बोटांची नखं दाबून रक्त परत येतंय का ते बघितलं आणि म्हणाले, "बसवलंय झ्याक. मग तुम्ही असं बाळंतिणीवानी का बसलाय, सर? हात मोडलाय, मांड्या न्हाईत."

जोर-बैठकांतले जोर बाद झाले, बैठका उरल्या. प्लास्टर छातीशी धरून मी तालमीत बैठका मारू लागलो. शेजारी आठवीतला एक पोरगा माझ्या एका बैठकीत स्वतःच्या चार मारायचा आणि मधूनच 'दम खावा सर' म्हणून धीर द्यायचा. शाळेत याच पोराला मी गणितात धीर देत असे, त्याची तो व्याजासकट परतफेड करत होता. घरी मात्र हा सगळा चोरीचा मामला. रात्री न्हाणीघरात कडी लावून उरलेल्या बैठका पुऱ्या करायला गेलो, तर गुडघे असे कडकड वाजले की बाहेरून आईचा आवाज, "कोण कडी वाजवतंय रं?"

मग वस्तादांनी माझ्या डाव्या हातात एक लहानसा मुद्गल दिला. "डाव्यानं फिरवा. उजव्याला कळतंय." मी मनातल्या मनात हसलो. उजवा बिचारा प्लास्टरच्या काळोखात, त्याला काय कळणार? पण वाचायला वेळच वेळ होता, म्हणून शोधलं, तर वस्तादांना थेट अमेरिकेतून पाठिंबा मिळाला. येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1894 साली असाच प्रयोग केला होता: कसरत एकाच हाताची घ्यायची आणि जोर दोन्ही हातांचा मोजायचा. ज्या हातानं काही केलं नाही त्याचाही जोर वाढलेला निघाला. हे घडतं ते स्नायूंमुळं कमी आणि मेंदू-मज्जातंतूंमुळं जास्त. एक हात बांधून ठेवला असेल तर दुसऱ्याला व्यायाम दिल्यानं बांधलेल्याची ताकद कमी घटते, असंही अलीकडच्या प्रयोगांत दिसलंय. मी हे वस्तादांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "मग? मी काय वेगळं बोललो?" आणि मुद्गल वजनदार दिला.

त्या काळात सगळ्यात महागात पडला तो खांद्याचा व्यायाम. तासाला हात डोक्यावर न्यायचा, हे मी इमानेइतबारे पाळत होतो. रस्त्यात पाळलं की रिक्षा थांबत. एकदा महाद्वार रोडला समोरच्या फुटपाथवरचे अनोळखी आजोबा उलट हात करून ओळख दाखवते झाले, आणि मग रस्ता ओलांडून, आपण कुठं भेटलोय ते आठवायला माझ्याकडं आले. पण कहर झाला तो तालीम मंडळाच्या गणपतीच्या बैठकीत. अध्यक्ष विचारत होते, "यंदा महाप्रसादाचा तांदूळ कोण उचलतंय?" सभेत शांतता. आणि माझा तास भरला. खांदा आखडू नये म्हणून मी हात वर नेला. टाळ्यांचा गजर झाला. मी तो घाईनं खाली आणून दुखऱ्या चेहऱ्यानं काहीतरी सांगायला लागलो, तर वस्ताद सद्गदित होऊन म्हणाले, "बघा रं, मोडलेल्या हातानं देतोय माणूस!" यानंतर खांद्याचं दुखणं सांगायला तोंड उरतं का?

त्याच गणपतीची मूर्ती ठरवायला आम्ही कुंभार गल्लीत गेलो. 1852 साली अँटोनियस मॅथायसेन या डच लष्करी शल्यचिकित्सकानं प्लास्टर ऑफ पॅरिस चोळलेल्या पट्ट्यांची पद्धत जगापुढं मांडली, ती जखमी सैनिकांना हलवता यावं म्हणून. कोल्हापुरात तोच माल बाप्पासाठी पोत्यांनी उतरतो. त्यामुळं तिथं माझ्या हाताकडं सहानुभूतीनं नव्हे, कारागिरीच्या नजरेनं पाहिलं गेलं. मालकांनी प्लास्टरवरून बोट फिरवलं, कडा तपासल्या आणि मान हलवली. "फिनिशिंग न्हाई. पॉलिश पेपर मारला न्हाई त्यांनी." त्यांच्या पोरानं सोनेरी रंगाचा ब्रश घेऊन, करू का म्हणून विचारलं. पर्यावरणवाल्यांचा विचार करून मी नको म्हटलं. नदीत न विरघळणाऱ्या गोष्टींत आपली भर कशाला?

प्लास्टरच्या आतल्या खाजेबद्दल मी लिहिणार नाही. ती ज्यानं सोसलीय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं सोसली नाही त्याच्या हातात विणकामाची सुई देऊ नये. माझी बायकोनं जप्त केली.

प्लास्टर उतरलं तेव्हा आतून जो हात निघाला तो माझा वाटेना. बारीक, कोंडा धरलेला, मनगट गंजल्यागत. मांड्या मात्र अशा झाल्या होत्या की डॉक्टर हाताऐवजी पायांकडं बघून, "काय करत होता?" म्हणाले. मी तालमीचं नाव सांगितलं. बायको माझ्याकडं बघत राहिली. न्हाणीघरातल्या कडीचा उलगडा तिला तिथं, फिजिओथेरपीच्या टेबलाशेजारी झाला.

आणि तिथंच डाव उलटला. फिजिओथेरपीच्या मॅडम माझं मनगट मागं-पुढं वाकवत समजावत होत्या: आता याला हळूहळू काम द्यायचं, चेंडू दाबायचा, टॉवेल पिळायचा, तळव्यावर थोडा थोडा भार घ्यायचा. "घरात कणीक मळता येईल का?" त्यांनी विचारलं. माझ्या आधी बायको म्हणाली, "भाकरी थापली तर चालेल का ओ?" मॅडमचे डोळे चमकले. चालेल काय, उत्तम! तळवा उघडा, मनगट मागं, दाब बेताचा, वर गोल फिरवणं. असा व्यायाम आमच्याकडं यंत्रावरसुद्धा नाही, म्हणाल्या.

इतके दिवस 'आराम' हा एकच शब्द ऐकणाऱ्या माझ्या कुटुंबानं या वेळी सूचना शब्द न् शब्द पाठ केल्या. पहिल्या भाकरीचा नकाशा कर्नाटकात घुसला, दुसरी परातीलाच चिकटली. "पीठ कोमट पाण्यात मळ," आई पलंगावरून म्हणाली. ती आता तिथं बसते, तीन उशा घेऊन. पुढं पुढं जमायला लागली, एखादी फुगलीही. पुढच्या तपासणीला मॅडमनी मनगट सगळीकडं फिरवून पाहिलं आणि आता व्यायाम बंद केला तरी चालेल असं स्वच्छ मराठीत सांगितलं. मी घरी येऊन जाहीर केलं.

"त्यांना काय कळतंय?" बायको म्हणाली. "हाडाचं काम हाय. थंडीत दुखलं म्हंजे?"

आईनं मान डोलावली. इचलकरंजीला फोन गेला. रविवारी बहीण येतेय, सासरची मंडळी धरून अकरा जण. तांबडा-पांढरा बायको करणार आहे, आणि भाकऱ्यांचं कुणी मला विचारलेलंही नाही.