मा. ‘द’ यांस, विठ्ठलवाडीहून

प्रति,
मा. ‘द’ साहेब,
निश्चित उपपद, इंग्रजी व्याकरण,
मुक्काम पोस्ट विलायत.

विषय : आपल्या जाचातून सवलत मिळणेबाबत.
संदर्भ : सहामाही परीक्षेच्या पेपरातील रिकाम्या जागा.

महोदय,

सा. न. वि. वि. ‘महोदय’ लिहिताना हात जरा अडखळला, कारण आपण बाई की बुवा याचा पत्ता इंग्रजीत लागत नाही. आपले जर्मनीतले नातेवाईक डेर, डी, दास अशी तीन लिंगं सांभाळून आहेत. फ्रान्सवाल्यांनी दोनांत भागवलं. हजारेक वर्षांपूर्वी आपलाही तीन लिंगांचा आणि विभक्तींचा भरला संसार होता, पण तो सोडून आपण एकाच रूपात राहिलात. इतकी विरक्ती आलेल्याने विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणच्या लोकांना छळावं, हे शोभत नाही.

विठ्ठलवाडी आपल्या ऐकिवात नसेल. मध्य रेल्वेने कल्याण सोडलं की कर्जतच्या वाटेवरचं पहिलं स्टेशन. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. गाडी कल्याणहून हलली की डब्यातली बाई तीन भाषांत सांगते : पुढील स्टेशन विठ्ठलवाडी, अगला स्टेशन विठ्ठलवाडी, नेक्स्ट स्टेशन विठ्ठलवाडी. नियमाप्रमाणे त्या तिसऱ्या वाक्यात सुरुवातीला आपली जागा राखीव हवी होती. रेल्वेने ती दिलेली नाही. तरीही ‘कुठलं नेक्स्ट स्टेशन?’ असा घोळ होऊन आजवर कोणी उल्हासनगरला उतरलेलं ऐकलं नाही. उतरले ते दाराशी पोचता आलं नाही म्हणून उतरले. बरं, गाडी आणि फलाट यांच्यामधल्या फटीची सूचना आली की आपण हजर : माइंड द गॅप. म्हणजे स्टेशनाला नाही, फटीला आहे.

मूळ तक्रारीकडे येतो. आमची नात पाचवीत आहे. तिचा पेपर घरी आला, त्यात रिकाम्या जागा होत्या : अमुक ऑनेस्ट मॅन, अमुक युरोपियन, अमुक वन-आइड मॅन, अमुक अंब्रेला. मी इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकलो, पुढे नोकरीत रेन आणि मार्टिनचं व्याकरण उशाशी घेऊन झोपलो. पेपरातली हीच मंडळी तेव्हाही रांगेत उभी होती. प्रामाणिक माणूस पिढ्यान्‌पिढ्या त्या रिकाम्या जागेपाशीच भेटतो, बाहेर फारसा फिरकत नाही. (यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि १९२४ साली ‘बो जेस्ट’ ही सहारातल्या फ्रेंच पलटणीवरची कादंबरी लिहून जगभर गाजले. आमच्या पोरांच्या इंग्रजीवर काही वर्षं देखरेख केल्यावर माणसाला वाळवंटात पळून जावंसं वाटणं स्वाभाविक आहे.)

नातीने ‘अ ऑनेस्ट मॅन’ आणि ‘अ‍ॅन युरोपियन’ लिहिलं होतं. दोन्हींवर लाल फुल्या. तिचं म्हणणं, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर एच, ते व्हॉवेल नाही. दुसऱ्याचं ई, ते व्हॉवेल आहे. मग चुकलं कुठे? पोरगी खोटं बोलत नव्हती, आपली लिपी बोलत होती. मी म्हटलं, हेच शब्द मराठीत लिही. ‘ऑनेस्ट’ लिहिलं, पहिला आला स्वर. ‘युरोपियन’चा पहिला य. ‘वन’चा व. ‘अंब्रेला’चा अं. स्वर दिसला की अ‍ॅन, व्यंजन दिसलं की अ, काम संपलं. मग तिला नादच लागला. आमच्या डेपोतून सुटते ती ‘अ‍ॅन एसटी बस’, कारण एस म्हणताना तोंडातून आधी ए निघतो. महापालिकेची मात्र ‘अ केडीएमटी बस’. आमदार ‘अ‍ॅन एमएलए’, कामगार पुढारी ‘अ युनियन लीडर’. आपले धाकटे बंधू अ आणि अ‍ॅन यांचा निकाल आमच्या मुळाक्षरांनी चहा उकळेपर्यंत लावला. शाळांतून यासाठी पानंच्या पानं अपवाद पाठ करून घेतात, याची आपल्याला कल्पना असावी म्हणून कळवलं.

बंधूंबद्दल आणखी एक. अ‍ॅन हा थोरला, ‘वन’च्याच कुळातला, व्यंजनापुढे त्याचा न गळाला आणि अ जन्माला आला. पण या न-ने पुढे फार उचापती केल्या. क्रिकेटचा अंपायर मूळचा ‘नंपायर’सारखा काहीतरी होता. ‘अ नंपायर’ म्हणता म्हणता लोकांनी न उचलून उपपदाला चिकटवला, तो परत दिलाच नाही. स्वयंपाकघरातल्या एप्रनचंही तसंच, तो नेप्रन होता. उलट निकनेममधला न उपपदाकडून ढापलेला आहे. भर मैदानात अंपायरचं पहिलं अक्षर चोरीला जातं आणि त्याला पत्ता नाही, मग पायचीतच्या निर्णयांबद्दल काय बोलावं!

आता आपल्याविषयी. आपला नियम म्हणे सोपा आहे : ऐकणाऱ्याला कुठला ते ठाऊक असेल तर द, नसेल तर अ. सोपा असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. कल्याणातलं आधारवाडी जेल घ्या. आरोपी तिथे गेला तर तो ‘टू जेल’ गेला. त्याची आई डबा घेऊन गेली तर ती ‘टू द जेल’ गेली. इमारत तीच, फाटक तेच, बाहेर बाकावर बसलेला हवालदार तोच. पोरगं शिकायला जातं ते ‘टू स्कूल’, बाप फी भरायला जातो तो ‘टू द स्कूल’. म्हणजे ज्याचं तिथे हक्काचं काम आहे त्याला आपण माफ, आणि जो नाइलाजाने खेटे घालतो त्याच्या मानेवर आपण स्वार. यात काही तत्त्व आहे हे मला मान्य आहे, उलट चांगलंच बारकं तत्त्व आहे. पण मग इस्पितळाचं काय? तेच दुखणं घेऊन इंग्लंडातला रोगी ‘टू हॉस्पिटल’ जातो आणि अमेरिकेतला ‘टू द हॉस्पिटल’. तत्त्व समुद्र ओलांडताना पाण्यात पडलं म्हणायचं.

भूगोलात तर आपण कहरच केला आहे. डोंगरांची रांग असेल तर द, एकटा डोंगर असेल तर नाही. म्हणून द वेस्टर्न घाट्स, पण नुसता मलंगगड. तळ्याला द नाही, नदीला आहे. उल्हास नदीला आपण लागता, कारण ती कर्जत-बदलापूरकडून रीतसर वाहत येऊन खाडीला मिळते. पण आमच्याजवळून वालधुनी जाते. अंबरनाथला शके ९८२ चं, म्हणजे १०६० च्या सुमाराचं शिवमंदिर आहे, ते हिच्याच काठी. नऊशे-साडेनऊशे वर्षं तिच्या नदीपणाबद्दल कोणाला शंका नव्हती. नंतर कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी येत गेलं, रंग रोज बदलायला लागला, आणि आता बरेच लोक तिला सरळ नाला म्हणतात. तर तिच्या नावाआधी आपण यायचं की नाही? नदी म्हणून यायचं असेल तर नाकाला रुमाल लावून यावं. २६ जुलै २००५ च्या पुरात तिने आपण नदी असल्याचा दाखला घरोघर नेऊन दिला होता, तो आपल्या कार्यालयात पोचला असेल तर पाहावा.

आपले इकडचे वकील म्हणतात, मराठीला निश्चित-अनिश्चित कळतच नाही, म्हणून तुम्ही गडबडता. हे मात्र ऐकून घेणार नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, ‘एक माणूस येऊन गेला’, तर मी विचारतो, कोण? ती म्हणाली, ‘माणूस येऊन गेला’, तर मी विचारतो, नळ दुरुस्त झाला का? पहिला अ, दुसरा द, आणि दुसऱ्यासाठी आम्ही एक अक्षरही खर्चलेलं नाही. लग्नाच्या मुलाला घेऊन घरचे ‘मुलगी बघायला’ जातात. जमलं, लग्न झालं, पुढे कधी ती आजारी पडून दवाखान्यात गेली, की तेच लोक ‘मुलीला बघायला’ जातात. एका ‘ला’मध्ये स्थळाची माणूस झाली. आमच्याकडे हे कोणी फळ्यावर शिकवत नाही, चुकतही नाही. आटपाट नगर होतं, इतकं सांगून कहाणी चालू होते आणि पाटावर बसलेल्या बायका ‘अ नगर की द नगर?’ असं विचारत नाहीत. आमची भाषा ऐकणाऱ्याच्या अकलेवर विसंबते. आपण प्रत्येक नामाच्या दाराशी उभे राहून टीसीसारखा पास मागता.

ज्याच्या नावाने आमचं स्टेशन आहे त्याचंच उदाहरण देतो. विठोबा विटेवर उभा आहे. कुठल्या, हे कोणी विचारलेलं नाही. आता हे वाक्य इंग्रजीत न्या. ‘ऑन अ ब्रिक’ लिहिलं तर पुंडलिकाने भट्टीवरून उचललेली कुठलीही एक वीट होते. ‘ऑन द ब्रिक’ लिहिलं तर परका वाचक मागे उलटून पाहतो की हिचा उल्लेख आधी कुठे आला होता. दोन्हींत काहीतरी सांडतं. अभंगांचे अनुवाद करणाऱ्यांनी आपल्यापायी किती रात्री घालवल्या असतील, त्याचा हिशेब आपल्याकडे मागायला हवा.

एवढं असूनही महाराष्ट्राने आपला जो मान ठेवला तो विलायतेनेही ठेवला नसेल. आमच्या सहकारी बँकांच्या पाट्या पाहा : दि ठाणे डिस्ट्रिक्ट सेंट्रल, दि चिखली अर्बन, पुण्यातली १९०६ सालची दि कॉसमॉस. देवनागरीत, ठसठशीत अक्षरांत, सगळ्यांच्या आधी आपण. तेही ऱ्हस्व. मराठी शुद्धलेखनात शब्दाचा शेवटचा इकार दीर्घ असतो. ‘आणि’, ‘नि’ अशा मोजक्या शब्दांना सवलत आहे. आपण त्या रांगेत न बोलावता जाऊन बसलात आणि एकाही शुद्धलेखनवाल्याने आवाज उठवला नाही, कारण पाटीखाली बहुधा त्याची मुदत ठेव होती. कचेरीच्या पत्रातही एका ठिकाणी आपला विसर पडलेला नाही : काइंडली डू द नीडफुल. बाकी वाक्यात काय वाटेल ते होवो, ‘नीडफुल’च्या आधी आपण असणारच. आता विलायतेतले लोक नेमकं त्यालाच हसतात.

आणि आपली स्वतःची माणसं आपल्याला कशी वागवतात? तारेत शब्दागणिक पैसे पडायचे, तेव्हा सगळ्यात आधी आपल्याला खाली उतरवलं जाई. ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’ यात आपण कुठे आहात? तरी वाचणाऱ्याला कुठला फादर ते कळायचं आणि तो रात्रीच्या गाडीला बसायचा. २०१३ च्या जुलैत आपल्याकडची तार बंद झाली, नाहीतर पुरावा म्हणून एक करूनच दाखवली असती. वर्तमानपत्राच्या इंग्रजी मथळ्यांत आपल्याला जागा नाही. २००४ साली निघालेल्या ‘द फेसबुक’ने पुढच्याच वर्षी आपल्याला घराबाहेर काढलं. युक्रेन स्वतंत्र झाल्यावर त्या लोकांनी सांगितलं, आमच्या नावाआधी हे नको, आम्ही कोणाचा प्रांत नाही, देश आहोत. पलीकडे उल्हासनगरात जुना विनोद आहे की इथल्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन. त्या शिक्क्यातही द नाही, आणि खऱ्या अमेरिकेतल्या शिक्क्यातही पुष्कळदा नसतो. निदान या एका बाबतीत नक्कल अस्सलाबरहुकूम आहे.

म्हणजे पैसे वाचवायचे असतील, घाई असेल, पाटी लहान असेल, तर आपण नसलात तरी चालतं. चालत नाही ते फक्त आमच्या मुलाखतीत. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या शाळांतून निघालेली मुलं आता तिशीच्या घरात आहेत आणि सकाळची फास्ट लोकल पकडून बीकेसीतल्या कचेऱ्यांत जातात. त्यांच्या ईमेलमध्ये हिशेब बरोबर असतो, तारीख बरोबर असते, एक द गळलेला असतो, आणि समोरचा साहेब त्यावरून त्यांची सगळी शाळा ओळखतो. तोच साहेब आपल्या मोबाइलवरून उत्तर धाडतो : ‘मीटिंग शिफ्टेड, सेंड फाइल.’ एकही उपपद नाही. त्याच्या द-ला काय झालं, हे विचारायची सोय नाही.

तरी आपल्याला हाकलून द्यावं असं माझं म्हणणं नाही. आपण कामाचे आहात. जेलचं उदाहरण लिहिताना मला आपलं थोडं कौतुकही वाटलं. मागणी एवढीच की ज्या वाक्याचा अर्थ आपल्यावाचून तसूभर ढळत नाही, तिथे लाल फुलीऐवजी पेन्सिलीची बारीक खूण व्हावी आणि अर्धा गुण मिळावा. नात पूर्ण गुण मागते आहे, पण घासाघीस करून ती अर्ध्यावर येईल. तसंच वालधुनीबाबत काय तो निर्णय लेखी कळवावा.

आपला,
एक विठ्ठलवाडीकर
(‘एक’ मुद्दाम लिहिलं आहे, कुठला ते आपल्याला कळू नये म्हणून.)

प्रत माहितीसाठी : अ आणि अ‍ॅन, दोघांत मिळून एकच.

ता. क. : अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाने जून २०२२ मध्ये कपड्यांवर छापण्यासाठी आपल्या नावाचा ट्रेडमार्क मिळवला असल्याने, टोपीवर किंवा टी-शर्टवर बसून उत्तर पाठवायचं असेल तर आधी त्यांची परवानगी घ्यावी. साधं पोस्टकार्ड चालेल. पत्त्यात ‘निअर स्टेशन, ऑप. एसटी डेपो’ एवढंच असू द्या. दोन्हीकडे द घातलात तरी कार्ड पोचेल, फक्त जागा कमी पडून पिनकोड राहायला नको.