पश्चिम सरोवराचा यथासांग दर्शनविधी

चीनच्या चच्यांग प्रांताची राजधानी हांगचौ आणि तिच्या पश्चिमेला लागून असलेले शी हू, म्हणजे शब्दशः ‘पश्चिम सरोवर’, यांच्याबाबत अननुभवी प्रवाशांमध्ये एक गैरसमज रूढ आहे, तो असा की काठावर उभे राहून डोळे उघडे ठेवले म्हणजे सरोवर पाहून झाले. सुमारे साडेसहा चौरस किलोमीटर पसरलेले आणि सरासरी जेमतेम दोन-अडीच मीटर खोल असलेले हे पाणी त्या रीतीने नजरेस पडते हे खरे. परंतु नजरेस पडणे वेगळे आणि दर्शन घडणे वेगळे. यथासांग दर्शनाचा क्रम असा आहे की प्रथम स्थळाचे नाव वाचावे, मग ते नाव ज्या सम्राटाने लिहिले त्याचे शिळेवरील हस्ताक्षर पाहावे, त्या शिळेशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घ्यावे, आणि एवढे होऊन वेळ उरल्यास पाण्याकडे एक दृष्टी टाकावी.

या क्रमाचे मूळ दक्षिण सुंग राजवटीत सापडते. उत्तरेच्या जुर्चेनांनी 1127 मध्ये राजधानी खायफंग जिंकल्यावर सुंग दरबार दक्षिणेकडे सरकला, 1138 मध्ये हांगचौ येथे, म्हणजे तेव्हाच्या लिन-आन येथे स्थिरावला, आणि गमावलेला मुलूख परत घेण्याच्या मसलतींतून सवड काढून सरोवर न्याहाळू लागला. त्या काळच्या चित्रकारांच्या परंपरेतून सरोवराची दहा दृश्ये ठरली आणि प्रत्येकाला चार अक्षरांचे नाव मिळाले. छिंग वंशाचा सम्राट कांगशी याने 1699 च्या दौऱ्यात ही नावे स्वहस्ते लिहून दिली व त्यांच्या शिळा उभ्या राहिल्या. पुढे दक्षिणेचे सहा दौरे करणारा त्याचा नातू छ्येनलुंग याने त्याच शिळांच्या मोकळ्या बाजूंवर स्वतःच्या कविता कोरवून घेतल्या, कारण कोरा दगड पाहून स्वस्थ बसणे हे त्याच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते. 1985 मध्ये आणखी दहा दृश्ये जाहीर झाली आणि 2007 मध्ये पुन्हा दहा, त्यामुळे एका दिवसाच्या सहलीत सरोवर उरकू पाहणाऱ्याने आपण नेमक्या कोणत्या दहांचे व्रत घेतले आहे, हे हॉटेल सोडण्यापूर्वीच ठरवलेले बरे.

आता नामविचार. या सरोवराबाबत एक जुनी लोकोक्ती सांगतात, तिचा आशय असा की येथील तुटका पूल तुटलेला नाही, एकाकी टेकडी एकाकी नाही आणि लांब पूल लांब नाही. ‘तुटका पूल’ हा चांगला धडधाकट दगडी पूल असून, बर्फ अर्धे वितळले की तो दुरून तुटल्यासारखा दिसतो, हे नावाचे एक स्पष्टीकरण आहे. ‘एकाकी टेकडी’ म्हणजे कूशान हे बेट बांधाने आणि पुलाने काठाशी जोडलेले आहे; सुंग काळातला कवी लिन पू तेथे एकटा राहिला खरा, पण मेई, म्हणजे हिवाळ्यात फुलणारे जर्दाळूच्या कुळातील झाड, ही आपली पत्नी आणि क्रौंच ही आपली मुले असे तो मानत असल्याची परंपरा आहे, म्हणजे कुटुंब मोठेच म्हणायचे. ‘लांब पूल’ काही पावलांत संपतो. त्याच्या लांबीचा उलगडा असा करतात की ल्यांग शानपो आणि चू यिंगथाय हे लोककथेतले प्रेमिक एकमेकांना पोहोचवण्यासाठी त्यावरून अठरा वेळा ये-जा करत राहिले, आणि पुलाचे मोजमाप दगडांनी न करता निरोपांनी करायचे झाल्यास हा हिशेब बिनतोड आहे.

परदेशी पाहुणेही या शास्त्राला अपवाद ठरले नाहीत. मार्को पोलोने या शहराला ‘किनसाय’ म्हटले आणि त्याचा अर्थ ‘स्वर्गनगरी’ असा दिला. बहुतेक अभ्यासकांच्या मते मूळ शब्द ‘शिंगत्साय’ असावा, ज्याचा अर्थ ‘सम्राटाचा तात्पुरता मुक्काम’ एवढाच होतो. त्याने शहरात 12,000 पूल असल्याचेही नोंदवले आहे. मोजणीच्या कामाला लागण्यापूर्वी प्रवाशाने ही बाब लक्षात घ्यावी.

प्रवासाचा काळ निवडताना तर विशेष दक्षता हवी, कारण जाणकारांच्या जुन्या मतानुसार स्वच्छ उन्हातल्या सरोवरापेक्षा पावसातले बरे, पावसातल्यापेक्षा चांदण्यातले बरे आणि चांदण्यातल्यापेक्षा बर्फातले बरे. याचा व्यावहारिक अर्थ असा की प्रवासी कोणत्याही दिवशी पोहोचला तरी त्याला स्थानिक माणसाकडून सहानुभूती मिळण्याची पूर्ण व्यवस्था आहे. ज्यांना निसर्गाऐवजी मानवजातीचे निरीक्षण करायचे असेल त्यांनी 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनापासून सुरू होणारा सुट्टीचा आठवडा निवडावा, तेव्हा तुटक्या पुलाचा दगड दिसत नाही, फक्त डोकी दिसतात. ही तक्रार आजची नाही. सतराव्या शतकातील निबंधकार चांग ताय याने सातव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेविषयी लिहिताना, त्या रात्री सरोवरावर पाहण्यासारखे काही असेल तर ती चंद्र पाहायला आलेली माणसेच, असा निर्वाळा देऊन त्या माणसांचे पाच प्रकार पाडले. 1 ऑक्टोबरला हांगचौमध्ये विनाव्यत्यय वेगाने पुढे सरकल्याचे एक ठळक उदाहरण मराठी माणसाच्या नावावर आहे: 2023 च्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्याच दिवशी बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे याने तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. या शर्यतीत वाटेतले पाणी सात वेळा ओलांडावे लागते आणि एकदाही थांबून पाहता येत नाही, त्यामुळे घाईच्या सहलींसाठी ती आदर्श मानण्यास हरकत नाही.

सरोवरावर दोन प्रसिद्ध बांध आहेत आणि दोन्ही कवींच्या नावांचे आहेत, याचे कारण तेथे कवींना नगरप्रशासनाला जुंपण्याची प्रथा होती. थांग काळात 822 ते 824 या अवधीत बाय च्यूयी येथे प्रशासक होता आणि त्याने बांध घातला; मात्र आज ‘बाय बांध’ म्हणून जो दाखवला जातो तो त्याने घातलेला नव्हे, तो त्याच्या आधीचाच आहे. सू शी, ऊर्फ सू तुंगपो, याचे प्रकरण अधिक भक्कम आहे. 1089 मध्ये तो येथे आला तेव्हा सरोवराचा मोठा भाग पाणवनस्पतींनी आणि गाळाने भरला होता. त्याने दरबाराला अर्ज लिहून, हांगचौला हे सरोवर म्हणजे माणसाला डोळे-भुवया असाव्यात तसे आहे, असे पटवले, आणि खर्चासाठी पैशांऐवजी संन्यासाची प्रमाणपत्रे मागितली. ही प्रमाणपत्रे सरकारकडून विकत घेणाऱ्याला भिक्षूचा दर्जा आणि त्यासोबत करांतून व वेठीतून सूट मिळत असे, सबब काही लोकांच्या वैराग्याच्या किमतीतून सरोवराचा गाळ उपसला गेला. उपसलेल्या गाळाचे करायचे काय, हा कोणत्याही नगरपालिकेला घाम फोडणारा प्रश्न त्याने पाण्यातच सोडवला: गाळाचा सुमारे 2.8 किलोमीटर लांबीचा बांध केला, त्यावर सहा पूल घातले, आणि आज लोक त्या गाळावरून चालत जाऊन सृष्टिसौंदर्याने सद्गदित होतात. 2011 मध्ये युनेस्कोने हे सरोवर जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून, ही कबुली पुरेशी बोलकी आहे. हांगचौच्या सौंदर्याचे मूळ काव्यात शोधणाऱ्यांनी निदान एकदा घमेल्याचे स्मरण करावे, असे येथे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

दक्षिण काठावरील लेईफंग मनोऱ्याकडे जाताना भाविकाने श्वेतसर्पिणीची कथा पाठ असू द्यावी. बाय सूचन ही नागीण स्त्रीरूप घेऊन तुटक्या पुलाजवळ श्यू श्येन नावाच्या तरुणाला भेटली, छत्रीच्या निमित्ताने ओळख वाढून लग्न झाले, आणि फाहाय नावाच्या भिक्षूला हा संसार न पाहवल्याने त्याने तिला या मनोऱ्याखाली डांबले. 975 च्या सुमाराचा तो मनोरा 25 सप्टेंबर 1924 रोजी कोसळला. त्याच्या विटा घरात ठेवल्याने बरकत येते या श्रद्धेने लोक वर्षानुवर्षे त्या काढून नेत होते, त्यामुळे नागिणीच्या सुटकेचे श्रेय भक्तीलाच द्यावे लागते; लेखक लू श्युन याने तर या पडझडीवर समाधान व्यक्त करणारा लेखच लिहिला. 2002 मध्ये अवशेषांवर नवा मनोरा उभारला गेला आणि त्याच्या पायथ्याशी सरकते जिने बसवण्यात आले. पुरातनतेकडे जाताना गुडघे दुखू नयेत, ही सोय स्तुत्य आहे.

लिंगयिन मंदिराच्या वाटेवर भारतीय प्रवाशाने संयम बाळगावा. चौथ्या शतकात हे मंदिर स्थापणारा भिक्षू ह्वेईली हा भारतातून आला होता, असे परंपरा सांगते. समोरची टेकडी पाहून त्याने ती राजगृहाजवळचा गृध्रकूट असल्याचे ओळखले आणि ती उडून येथे आल्याचे जाहीर केले. पुरावा मागितला गेला तेव्हा, टेकडीबरोबर तिच्यावरचे माकडही आले असणार, असा युक्तिवाद करून त्याने गुहेतून माकडाला हाक मारली आणि माकड बाहेर आले, येणेप्रमाणे दावा मान्य झाला. टेकडीचे नावच ‘फेईलाय फंग’, म्हणजे ‘उडून आलेले शिखर’, असे पडले. ती परत मागण्याचा प्रस्ताव कोणी सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे मांडू नये.

नैवेद्यात प्रथम मान सरोवराच्या नावाने चालणाऱ्या व्हिनेगर-माशाचा. गवत्या माशाला चिखलाचा वास जावा म्हणून आधी उपाशी ठेवतात, मग शिजवून त्यावर आंबटगोड रस ओततात. खुद्द चिनी लोकांमध्ये या पदार्थावर इतके विनोद प्रचलित आहेत की माशाने केलेला उपवास वाया गेला, असे अनेकांचे मत दिसते. जाणत्याने तुंगपोच्या नावाचे डुकराचे मटण मागवावे, आणि अखेरीस लुंगचिंग, म्हणजे ‘ड्रॅगनची विहीर’ या गावाचा, कढईत हाताने भाजलेला हिरवा चहा घ्यावा. त्यात दूध, साखर व आले मागणे हा घोर प्रमाद होय.

सर्वांत शेवटी सरोवराच्या मध्यभागी पाण्यात उभे असलेले तीन दगडी दीपस्तंभ पाहावेत. प्रत्येकाला पाच गोल छिद्रे आहेत, शरद पौर्णिमेला आत दिवे लावले की पंधरा चंद्र, त्यांची पंधरा प्रतिबिंबे, आकाशातला एक, पाण्यातला एक आणि पाहणाऱ्याच्या मनातला एक असे तेहतीस चंद्र भरतात. गर्दीमुळे ज्यांना नाव मिळाली नाही त्यांनी हळहळू नये, कारण हेच दृश्य चीनच्या एक युआनच्या नोटेच्या मागील बाजूवर छापलेले आहे. मात्र फोनवरून पैसे देण्याची अलीपे ही पद्धत ज्या कंपनीसमूहातून निघाली तो याच शहरातला असल्याने येथे चहावालाही चौकोनी संकेतचिन्ह पुढे करतो, आणि नोट पाहायची असल्यास प्रवाशाने कामकाजाच्या दिवशी बँकेत जावे.