पॅडपारखी

एमएच २१ क्रमांकाची पिकअप रोज भाड्याने चालवणारा इसम हा जालना जिल्ह्याच्या अर्थव्यवहारातील एक स्वतंत्र घटक असून, सकाळी अंबड-घनसावंगीकडची मोसंबी, दुपारी औद्योगिक वसाहतीतल्या सळया आणि संध्याकाळी कोणाच्या तरी लग्नाचे कपाट-पलंग वाहताना तो मालक, चालक, हमाल व हिशेबनीस या चारही भूमिका एकट्याने निभावतो. या वर्गातील ज्या उपप्रकाराचा येथे विचार करावयाचा आहे, त्यास सोयीसाठी ‘पॅडपारखी’ म्हणावे.

पॅड म्हणजे पुढच्या चाकांबरोबर फिरणाऱ्या पोलादी तबकडीला, अर्थात डिस्कला, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या घर्षणद्रव्याच्या वड्या होत. मागच्या चाकांना बहुतेक पिकअपमध्ये ड्रम असतो व त्याच्या आतून घासणाऱ्या पट्ट्यांना लायनर म्हणतात. वडी झिजून तीनेक मिलिमीटरवर आली की अनेक पॅडना जोडलेली पत्र्याची जीभ डिस्कला टेकून किंचाळू लागते. अभियंत्यांच्या मते हा इशारा असतो. पॅडपारखी मात्र ‘पॅड बोलायला लागले’ एवढेच म्हणतो, आणि बोलणाऱ्याला चार दिवस बोलू द्यावे, ही त्याची घरातली रीत तो गाडीतही पाळतो.

पाचव्या दिवशी संशोधनास प्रारंभ होतो. ज्याच्या वडिलांनी बाजारात बैलाचे दात मोजल्याशिवाय कासऱ्याला हात लावला नाही, तो मनुष्य पॅड डबा पाहून घेईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तो वडी तळहातावर तोलतो, नखाने खरवडतो, हुंगतो, दोन वड्या एकमेकींवर आपटून कानाशी नेतो, आणि जड ती चांगली असा निष्कर्ष काढतो. त्यात अंशतः तथ्य आहे, कारण धातूचा कीस अधिक असलेली ‘सेमी-मेटॅलिक’ वडी उष्णता बरी सोसते. मात्र ती आवाज करते आणि डिस्कही खाते, हा उत्तरार्ध काउंटरवर सहसा कोणी उच्चारत नाही. दुकानदाराचे वर्गीकरण याहून सोपे असते: ‘कंपनी’, ‘कंपनीसारखा’ आणि ‘लोकल’. यांपैकी मधल्या वर्गाची व्याख्या आजवर केवळ किमतीनेच झालेली आहे.

बऱ्याच पॅडच्या कडेवर इंग्रजी अक्षरांची एक जोडी छापलेली असते. पहिले अक्षर साधारण तापमानातील घर्षणांक सांगते आणि दुसरे तापल्यावरचा. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५ आणि ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. ही जोडी गुणवत्तेचा अंतिम दाखला नव्हे, परंतु दुकानात उपलब्ध असलेल्या समग्र वाङ्मयात ती सर्वांत प्रामाणिक असून तिचे वाचन मात्र कोणीच करत नाही. पॅडपारख्याचा प्रश्न एकच असतो: “शेठ, टिकतो का?” गाडी थांबते का, हे तो विचारत नाही, कारण थांबणे हे त्याच्या मते हॉर्नचे काम आहे. इंग्लंडात हर्बर्ट फ्रूडने गाडीवान उतारावर जुने बूट चाकाला दाबतात हे पाहिले आणि १८९७ च्या सुमारास त्यातूनच ब्रेकच्या घर्षणद्रव्याचा उद्योग उभा राहिला, असे सांगतात. ही हकिकत पॅडपारख्याला ऐकवल्यास तो बूट किती दिवस टिकायचा, याचीच प्रथम चौकशी करील.

या साऱ्या पारखीत एक वस्तू तपासावयाची राहून जाते, ती म्हणजे मागचा हौदा. दीड टनाच्या पासिंगची गाडी कॅरेटवर कॅरेट रचून टपाच्या वर गेलेली असते, आणि कोणी हटकलेच तर ‘पाटे चांगले आहेत’ हे उत्तर तयार असते, जणू पाटेच गाडी थांबवतात. मालासह तीन टनांची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबवताना जी उष्णता निर्माण होते, तिच्यावर दोन लिटरहून अधिक पाणी उकळून अख्ख्या स्टँडचा चहा होईल. वेग निम्मा केल्यास ती एक चतुर्थांशावर येते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. कसारा घाटात ही उष्णता क्षणभरही विसावत नाही, आणि अतितप्त वडीची पकड सुटते, यालाच ‘फेड’ म्हणतात. तिथे पाय खाली गेला की पॅडपारखी शिव्या देतो त्या ‘कंपनीसारखा’वाल्या शेठला, मोसंबीला नव्हे.

आठव्या दिवशी तो मिस्त्रीने पहिल्याच दिवशी काढून ठेवलेला संच घेतो. फक्त आता त्यात दीडशे रुपये कमी केल्याचे समाधान असते. नवी वडी डिस्कवर नीट बसावी म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक बेताने लावावेत, असा सर्वमान्य संकेत आहे. पॅडपारखी गॅरेजसमोरच गाडी पळवतो, एकदाच करकचून दाबतो, डांबरावर उमटलेले काळे पट्टे खाली उतरून निरखतो आणि ‘ब्रेक खणखणीत’ असा निर्वाळा देतो. ‘भाऊ, मागचे ड्रमही उघडू का?’ असे मिस्त्री विचारतो. लायनर अजून बोलत नाहीत, म्हणून ते उघडले जात नाहीत.