उलट्याचं उलटं

अवजड गाडीच्या परवान्याचा कायदा अगदी सोपा आहे. वय 20 पूर्ण हवं, हलक्या गाडीचा परवाना निदान वर्षभर जुना हवा, शिवाय ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली, ते बरंच झालं. सुरजागडचं लोहखनिज घेऊन एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्याने निघालेल्याला आठवीची भूमिती काय कामाची? तिथे भर पावसाळ्यात खड्डा कुठे संपतो नि रस्ता कुठे सुरू होतो, हे सिद्ध करून दाखवायला युक्लिडच हवा.

आणि मागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या सांभाळायची विद्या? चाचणीच्या मैदानात गाडी सहसा बिनशेपटीची असते. शेपूट नोकरीवर रुजू झाल्यावर लागतं. एक ट्रॉली मागे घ्यायची तर स्टिअरिंग उलटं फिरवायचं. दोन असल्या की उलट्याचं उलटं, म्हणजे हिशेबाने सुलटं. पण ट्रॉल्यांना हिशेब मान्य नसतो. मागची रुसली की मधली कात्रीसारखी दुमडते. मुरलेला ड्रायव्हर मग शांतपणे खाली उतरतो, खर्रा दाढेखाली सरकवतो, मागच्या ट्रॉलीची पिन उपसतो आणि जमलेल्या बघ्यांना म्हणतो, "पाहून काय राह्यले? ढकला ना बे!" रिव्हर्सचं सगळं शास्त्र एवढंच.

जंगलातल्या रस्त्यावर वन्यप्राण्यांना आधी जाऊ द्या, असं वनखात्याचं सांगणं आहे. देऊ की. फक्त मोहर्लीच्या रस्त्यात वाघाने बैठक मारली आणि कुणी "गाडी मागे घ्या" म्हणालं, तर पिन काढायला आधी त्या सांगणाऱ्यालाच उतरवावं.