मिनिमाइझराव

चाकण एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत सकाळी दहाला दोन मिनिटं कमी असताना प्लॅनिंग खात्यात एकदम शांतता पसरली, तर ती डिस्पॅचच्या काळजीने पसरली असं समजू नका. दहाला एसीचं तत्काळ बुकिंग उघडतं, अकराला स्लीपरचं. मिनिमाइझराव दोन्ही वेळा जागेवर असतात. त्यांच्या स्क्रीनवर तेव्हा नेमकं काय असतं, हे मात्र कुणी सांगू शकत नाही. आजवर ज्याने ज्याने डोकावलं त्याला डिस्पॅच प्लॅनची एक्सेल शीटच दिसली. तीही दरवेळी सातव्या ओळीवर थांबलेली.

लपवण्यासारखं त्यांच्याकडे फार काही आहे म्हणावं, तर तसंही नाही. गावाकडच्या जमिनीचा सातबारा, चाकण मार्केटमधला कांद्याचा भाव, मोशीतल्या टू बीएचकेचा हप्ता काढायचा कॅल्क्युलेटर, मॅच असली तर स्कोअर, आणि अप्रेझलची पत्रं वाटल्यावर आठवडाभर नोकरीच्या साइट. कांद्याचा भाव तर साहेब स्वतःच चहाच्या वेळी त्यांना विचारतात. तरी कांदा लपवायचा म्हणजे लपवायचा!

या कामातली त्यांची तयारी मात्र अव्वल. प्लांटमध्ये सगळ्यांच्याच पायांत सेफ्टी शूज, पण कुणाचे कसे वाजतात हे त्यांना पाठ आहे. मेंटेनन्सवाला घासत येतो, एचआरवाल्या मॅडम टकटक येतात, साहेब दोन पावलांमागे एकदा थांबतात. नवीन पोरं घाबरली की विंडोज-डी दाबतात. त्याने सगळं खाली जातं खरं, पण हात थरथरून तेच पुन्हा दाबलं गेलं तर सगळी वरात परत वर येते, नेमकी साहेब पाठीशी उभे असताना. म्हणून मुरलेला माणूस विंडोज-एम वापरतो. ते कितीदाही दाबा, गेलेलं परत येत नाही. कॉमेंट्री मात्र त्यानेही थांबत नाही, विंडो खाली गेली तरी सिक्सर ऐकू येतोच. त्यामुळे स्पीकरचा आवाज शून्यावर ठेवून मॅच बघायचा दंडक त्यांनीच खात्यात घालून दिला.

एवढ्यावर भागलं असतं. पण खाली टास्कबारवर चिन्हं उरतात, आणि आल्ट-टॅब दाबलं की सगळं बिंग बाहेर. म्हणून आयटीतल्या पोराला भोसरीत मिसळ खाऊ घालून त्यांनी एक छोटं सॉफ्टवेअर मिळवलं. एक बटण दाबलं की उघड्या असतील तेवढ्या सगळ्या विंडो गुल. टास्कबारवर नाहीत, आल्ट-टॅबमध्ये नाहीत. यात जादू काही नाही. विंडो दाखवू नकोस, असा हुकूम विंडोजमध्ये मुळातच आहे, सॉफ्टवेअर फक्त तो सोडतं. प्रोग्रॅम आत जिवंतच राहतो.

हा ‘जिवंत’ शब्द त्यांनी मनावर घेतला नाही. एका शनिवारी बटण दाबलं, सातबाऱ्याबरोबर खात्याची सामाईक एक्सेल फाइलही अदृश्य झाली, आणि त्याच क्षणी ते सॉफ्टवेअरच बंद पडलं. आता परत बोलावणार कोण? स्टोअरवाल्याने फाइल उघडली, तर मिनिमाइझरावांचं नाव घेऊन संदेश आला की फाइल यांच्याकडे उघडी आहे, तुम्ही फक्त वाचा. क्वालिटीला तोच संदेश, गेटवरही तोच. फोनवर फोन. मिनिमाइझराव रिकाम्या स्क्रीनकडे बोट दाखवून शपथेवर सांगत होते, “राव, माझ्याकडे काहीच उघडं नाही!” आणि डोळ्यांना दिसत होतं तेही तेच. शेवटी मिसळवाल्या पोराने टास्क मॅनेजर उघडला, लपलेली एक्सेल शोधून तिथेच संपवली. सेव्ह न केलेला सकाळचा प्लॅनही तिच्याबरोबर गेला. गाड्या दोन तास गेटवर उभ्या होत्या.

साहेबाला चुकवायची ही सोय जुनी आहे. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर आला. तो लिहिणाऱ्या वेस चेरी नावाच्या इंटर्नने त्यात एक बटण ठेवलं होतं, साहेब आला की पत्त्यांच्या जागी खोटी स्प्रेडशीट दाखवणारं. मायक्रोसॉफ्टने ते काढायला लावलं. पत्ते ठेवले, बटण काढलं. म्हणजे खेळा, पण सापडा! मॅनेजमेंट कळायला यापेक्षा वेगळा कोर्स लागत नाही.

शॉपवर मात्र ही चैन नाही. सीएनसीवरच्या ऑपरेटरचा काउंटर सगळ्यांना दिसतो, लाइन थांबली की डोक्यावर लाल दिवा लागतो. तो दिवा मिनिमाइझ होत नाही. वरच्या मजल्यावरच्या स्टाफला निदान कीबोर्ड मिळतो, पण बसायचं वाटेकडे पाठ करून. आणि केबिनमधल्या साहेबांचा स्क्रीन भिंतीकडे तोंड करून असतो, त्यांना सॉफ्टवेअरची गरजच काय? पगाराची स्लिप न बघता माणसाचा हुद्दा ओळखायचा असेल तर त्याच्या स्क्रीनचं तोंड कुठे आहे ते पाहावं. ५एसचे बोर्ड आपल्या पट्ट्यात शेडोशेड लागलेत. नको ते कामाच्या जागेवरून हलवा, हा त्यातला पहिला धडा. मिनिमाइझरावांच्या टेबलाला ऑडिटमध्ये सर्वांत जास्त मार्क मिळाले होते, ते उगाच नाही.

यंदा त्यांना बढती मिळाली. केबिन आली, स्क्रीन भिंतीकडे वळला. पण बोटांपर्यंत अजून बढतीचं पत्र पोचलेलं नाही. दार वाजलं की विंडोज-एम. परवा कस्टमरची माणसं आली, तर त्यांच्यासाठीच उघडून ठेवलेलं प्रेझेंटेशन भुर्रकन खाली गेलं, आणि मोठ्या स्क्रीनवर गावच्या यात्रेतली बैलजोडी उभी राहिली. जर्मन पाहुण्याने तिचंच कौतुक केलं, हे नशीब.

तेव्हा त्यांच्याकडे काम असेल तर दार वाजवू नका, आधी फोन करा. फोनला ते अजून घाबरत नाहीत.